गोल्फच्या मैदानावरचा राब

मी गोल्फचं मैदान दुरुस्त केलंय, असं म्हटलं की भोरमधले लोक माझ्याकडे दोन तऱ्हांनी बघतात. काहींना वाटतं बाई थापा मारतेय. उरलेले अगदी काळजीनं विचारतात, "मैदानात दुरुस्त करण्यासारखं असतं तरी काय?" हा दुसरा प्रश्न रास्त आहे. तोच प्रश्न मीही आमच्या मुख्याधिकाऱ्यांना विचारला होता. त्यांनी उत्तरादाखल माझ्या हातात ऑर्डर ठेवली.

तोवर नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात माझी सगळी हयात गटारं, पाण्याच्या टाक्या, शाळांची गळकी छपरं आणि एक स्मशानभूमी यांत गेली होती. नगरपालिका कोणती ते लिहीत नाही. आमच्या भागातली नाही, दूरची आहे, एवढं पुरे. फार वर्षांपूर्वी कुणा हौशी जमीनदारानं वेल्ह्याकडच्या विंझर गावाच्या अलीकडचा एक माळ त्या नगरपालिकेला दान दिला. अट एकच, तिथं गोल्फच खेळला जावा आणि तो कुणालाही खेळता यावा. नगरपालिकेनं फुकट मिळतंय म्हणून घेतलं आणि पुढची सगळी वर्षं, घेतलं कशाला, यावर सभा भरवल्या. मी मूळची भोरची. "तुम्हाला तिकडची माणसं, माती, पाणी सगळं ठाऊक," असं गोड बोलून हे लोढणं माझ्या गळ्यात बांधलं गेलं.

पहिल्या दिवशी मैदान बघायला गेले तेव्हा मैदानावर एकूण अकरा म्हशी आणि एक खेळाडू होता. म्हशी निवांत होत्या. खेळाडू म्हणजे नानासाहेब, बँकेतून निवृत्त झालेले, डोक्यावर पांढरी टोपी, हातमोजा फक्त डाव्या हातात. ते रोज सकाळी एकटेच खेळत आणि रोज जिंकत. हरवलेला चेंडू म्हशीच्या पायाखाली सापडला तर तो कुठून मारायचा, याचा नियम त्यांनी स्वतःच केला होता आणि तो नियम नेहमी त्यांच्या बाजूनं लागे.

ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर ओझरता पाहिलाय त्यांच्यासाठी थोडं सांगते. खेळ असा की काठीनं चेंडू मारत मारत लांबच्या एका भोकात घालायचा. आमच्याकडे अशी नऊ भोकं. भोकाभोवतीचा गोल तुकडा म्हणजे ग्रीन. हा सगळ्या मैदानाचा जीव. तिथलं गवत भाकरीच्या जाडीएवढं उंच, त्याहून एक काडी जास्त नाही. पण हे झालं श्रीमंत मैदानांचं. आमच्या मैदानावर ग्रीन नव्हतंच, तिथं ब्राऊन होतं. म्हणजे गवताऐवजी रेती पसरायची, तिच्यात गाड्यांचं जळकं ऑइल मिसळायचं आणि लाकडी फळीनं सारखी करायची. गरीब मैदानं अशीच चालतात. फळी फिरवायचं काम पासली गावच्या हौसाबाई गेली अठरा वर्षं करत होत्या.

हौसाबाई म्हणजे तिथल्या सात-आठ रोजंदारी बायकांच्या मुकादम. उंच, काटक, नाकात मोठी नथणी, आणि बोलणं असं की समोरच्याला हसावं की रागवावं ते कळू नये. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "हौसाबाई, हा खेळ कळतो का तुम्हाला?"

"कळतो की," त्या म्हणाल्या. "गडी सोताच चेंडू लांब मारतो आन सोताच हुडकत फिरतो. आमचा नातू असा खेळ खेळला तर त्येला म्या धपाटा घालते."

अठरा वर्षांत त्या कायम झाल्या नव्हत्या. पावसाळा आला की खेळ बंद, खेळ बंद झाला की बायकांना घरी बसवायचं, आणि चार महिन्यांनी पुन्हा नव्यानं कामावर घ्यायचं. त्यामुळे अठरा वर्षं सलग नोकरी केलेली बाई कागदावर दर वर्षी नवी. नूतनीकरणानंतरच्या मैदानासाठी मात्र तीन कायम जागा मंजूर झाल्या होत्या आणि यादीत पहिलं नाव हौसाबाईंचं होतं. ते नाव मीच घातलं होतं. हे मी अभिमानानं सांगते, कारण पुढं अभिमानानं सांगण्यासारखं फारसं नाही.

तर नूतनीकरण. त्यासाठी पुण्याहून सल्लागार आले. ते परदेशात कुठंसं मैदानांचं शास्त्र शिकून आले होते आणि हे ते भेटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगत. भोवती कडा असलेली भली मोठी टोपी घालत, म्हणून बायकांनी त्यांचं नाव 'छत्रीवाले साहेब' ठेवलं. त्यांनी लॅपटॉपवर आम्हाला भविष्यातलं मैदान दाखवलं. चित्रात आमचा माळ ओळखू येत नव्हता. म्हशींच्या जागी हंस होते.

क्लबहाऊस आमचं साधं होतं. चार खोल्या, कौलं, पुढं ओटा. सल्लागारांनी ते पाडलं नाही, हे उपकार. पण पश्चिमेची भिंत काढून तिथं छतापासून जमिनीपर्यंत काच घालायचं ठरवलं, डोंगर दिसावेत म्हणून. मी म्हटलं, "साहेब, आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो, तोही आडवा." ते म्हणाले, "मॅडम, ही स्पेशल काच आहे." काच खरंच स्पेशल होती. पहिल्याच पावसाळ्यात फटींमधून पाणी आत आलं आणि खेळाडूंच्या बूट ठेवायच्या खोलीत बूट तरंगले. तेव्हापासून जून ते सप्टेंबर त्या काचेवर बाहेरून निळी ताडपत्री बांधतात. डोंगर ऑक्टोबरात दिसतात.

त्याच नकाशात करंडक ठेवायला एक स्वतंत्र खोली होती, जरी आमच्या मैदानावर आजवर कुणी करंडक जिंकलेला नव्हता. बायकांसाठी संडास मात्र नव्हता. मी विचारलं तर सल्लागार म्हणाले, "लेडीज मेंबर आहेत का?" मी म्हटलं, "मेंबर नाहीत, पण मैदान राखतात त्या सगळ्या लेडीजच आहेत, आणि मीही एक आहे." शेवटी करंडकांच्या खोलीचे दोन भाग झाले. ही माझी त्या कामातली लढाई, आणि ती मी जिंकले. माणसाला एक लढाई जिंकली की आपण शूर आहोत असं वाटू लागतं. मलाही वाटलं.

आता ग्रीनची गंमत. ग्रीन डोळ्याला सपाट दिसतं, पण ते सपाट असून चालत नाही. खाली खडी, त्यावर जाड वाळू, वर वाळू-मातीचं मिश्रण, आणि सगळ्याला अगदी हलका उतार, म्हणजे पाणी घटकाभरही थांबत नाही. ठेकेदारानं त्या कामाला आसपासचीच माणसं घेतली. गुंजवण्याचे काही, पासलीचे काही, सगळे पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारे. तुम्ही त्यांना जगातली कुठलीही जमीन द्या, त्यांचा हात तिचं खाचरच करणार. नकाशात उतार होता. माणसांना वाटलं, साहेबाची काहीतरी चूक झालीय. त्यांनी साहेबाच्या अब्रूखातर, कुणालाही न सांगता, ती दुरुस्त केली. पाणी सोडून पातळी बघितली, उंच कोपरा खरवडला, खोलगट कोपरा भरला आणि कडेनं वीतभर बांध घातला. चार ग्रीन अशी झाली. सल्लागार त्या आठवड्यात पुण्यात कुठल्याशा परिसंवादात 'पाणी आणि आधुनिक मैदान' या विषयावर बोलत होते.

एप्रिलात वळिवाची एक सर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही ग्रीनवर घोट्याएवढं पाणी, काठोकाठ, आरशासारखं समपातळीत. एका गड्यानं समाधानानं मला सांगितलं, "थेंब भाईर जात न्हाई, म्याडम." त्यांच्या हिशेबानं ते काम नमुनेदार होतं, आणि खरं सांगते, खाचर म्हणून बघितलं तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. हौसाबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "इंद्रायणी भाताचा तरवा लावला तर समद्या मेंबरांना खाऊन पुरंल."

सल्लागार आले, त्यांनी कपाळाला हात लावला, आणि सगळं पुन्हा उकरलं. त्या वेळी मी हसले होते, मजुरांना नाही, सल्लागारांना. ज्या मातीत काम करायचं तिथल्या माणसाचा हात काय शिकलेला आहे, हे न विचारता ज्यानं नकाशा काढला त्याची ती चूक, असं मी मुख्याधिकाऱ्यांना तोंडावर सांगितलं. माझं हे वाक्य मला फार आवडलं होतं. महिनाभरानं ते मला स्वतःला लागू पडलं तेव्हा मात्र आठवलं नाही.

ग्रीनवरचं ते खास गवत बियांनी येत नाही. मुळासकट त्याचे बारीक तुकडे लावतात, आणि ते पसरत जातं. बहुतेक गवत सल्लागार ट्रकनं बाहेरून आणणार होते. पण पुढं एखादा तुकडा मेला तर ठिगळ लावायला म्हणून पाण्याच्या टाकीजवळ त्याच गवताचा एक वाफा करायचा ठरला होता. मे महिन्याच्या मध्यात सल्लागारांनी बायकांना फर्मान सोडलं, "पावसाआधी नर्सरीची जागा तयार करा." तयार करा म्हणजे काय करा, हे सांगितलं नाही. त्यांच्या मनात तणनाशकाची फवारणी होती. ते तणनाशक पुण्याहून यायचं होतं आणि ते यायचं नाव घेत नव्हतं.

आता पासलीच्या बाईला मे महिन्यात रोपाची जागा तयार करा असं सांगितलं तर ती काय करेल? राब भाजेल. भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्या डोंगराळ भागात सगळेच तसं करतात. रोपाच्या जागेवर शेण, वाळक्या फांद्या, पालापाचोळा पसरायचा, वर मातीचा पातळ थर द्यायचा, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवायचं. म्हणजे जाळ भडकत नाही, सावकाश धुमसत जातो आणि मातीतलं तणाचं बी भाजून निघतं. तुम्ही उन्हाळ्याच्या अखेरीस वेल्ह्याकडे गेला असाल तर जागोजाग ते काळे चौकोन पाहिले असतील.

हौसाबाई पेटवण्याआधी मला विचारायला आल्या होत्या. हे नीट लिहिते. मी क्लबहाऊसच्या ओट्यावर उभी होते, काचवाल्याशी फोनवर भांडत होते, कारण त्याची स्पेशल काच उतरवतानाच तडकली होती. हौसाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. "म्याडम, त्यो वाफा तयार कराया सांगितलाय. राब भाजू न्हवं?" मी त्यांच्याकडे बघितलं, मान हलवली आणि हातानं 'जा, करा' अशी खूण केली. मग पुन्हा काचवाल्यावर ओरडू लागले. राब म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, अशी सबबही मला नाही. माझ्या मामाच्या शेतात लहानपणी मी तो धूर डोळे चोळत पाहिलाय.

नेमक्या त्याच सकाळी सल्लागारांनी ड्रोन आणला होता. नूतनीकरणाआधीचं आणि नंतरचं अशी फिल्म काढायची होती, आणि ती बघायला दोन-तीन नगरसेवक आणि कुणी बडे पाहुणे आले होते. ड्रोन वर गेला आणि खालून पांढरा दाट धूर वर आला. पाच मिनिटांत मैदान दिसेना. पाहुणे खोकू लागले. ड्रोन धुरात दिशाहीन फिरला आणि बाभळीत अडकला. वाफ्याच्या कडेला सल्लागारांनी आणून ठेवलेला काळा प्लास्टिकचा पाइप वितळून त्याचं वेटोळं झालं. नानासाहेबांनी मात्र त्या धुरातही चेंडू मारला आणि तो थेट भोकात गेल्याचं जाहीर केलं. खरं-खोटं बघायला कुणाला काही दिसतच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत 'गोल्फ मैदानाला आग' असा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर. मैदान जळलं नव्हतं, पण मुख्याधिकाऱ्यांची तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. त्यांना आता गुन्हेगार हवा होता, आणि तोही लवकर.

चौकशी अर्धवट दुरुस्त झालेल्या क्लबहाऊसमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुख्याधिकारी, सल्लागार आणि मी. समोर हौसाबाई उभ्या. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. मीही नाही.

"जाळ लावायची परवानगी कोणी दिली?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. अगदी थोडा वेळ. त्या नजरेत राग नव्हता, विनवणी नव्हती. त्या फक्त मी बोलते का ते बघत होत्या. माझ्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते मला पक्कं आठवतं, आणि ते फार क्षुद्र होतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. एवढ्या वर्षांत मला एकही मेमो मिळालेला नव्हता. खात्यात असा माणूस मी एकटीच होते, आणि हे मी सगळ्यांना येता-जाता ऐकवत असे. मी मूग गिळून बसले.

"म्याच पेटवलं," हौसाबाई म्हणाल्या. "आमच्यात तसंच करत्यात."

"कुणाला विचारून?"

"म्याच पेटवलं सायेब," त्या पुन्हा एवढंच म्हणाल्या.

"हे अडाणी लोक!" सल्लागार माझ्याकडे वळून म्हणाले, जणू मी त्यांच्या बाजूचीच. आणि त्या दिवशी मी होतेच त्यांच्या बाजूची. अहवाल मलाच लिहायला सांगितला. मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'सदर महिलेने कोणाचीही परवानगी न घेता.' पुढची ओळ मुख्याधिकाऱ्यांनी सांगितली आणि मी लिहिली. यादीतून नाव गेलं. कायम जागा तर गेलीच, रोजंदारीही गेली. अठरा वर्षं ज्या बाईनं रेतीवर फळी फिरवली, तिला त्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत पाठवलं. मी दाराआडून बघत होते. त्यांनी जाताना सवयीनं फळी उचलून भिंतीला नीट उभी करून ठेवली.

पाऊस आला, ट्रकनं गवत आलं. सल्लागारांनी ते ग्रीनवर लावून घेतलं. जुलैत ग्रीन हिरवीगार दिसू लागली, तेव्हा त्यांनी फोटो काढून सगळीकडे पाठवले. ऑगस्टमध्ये लक्षात आलं की हिरवं आहे ते गवत नव्हे, लव्हाळा आहे. वाळू-मातीच्या मिश्रणात घातलेलं शेणखत नीट कुजलेलं नव्हतं, त्यातून दुनियेचं तण उगवलं होतं. फवारणी केली तर तणाबरोबर गवतही पिवळं पडलं. तणाला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही, ते आठवड्यात परत उभं राहिलं. नऊपैकी सहा ग्रीनची चाळण झाली. उद्घाटनाची तारीख ठरलेली, मंत्रीमहोदयांनी होकार दिलेला, आणि सल्लागारांच्या तोंडचं पाणी पळालेलं.

आणि टाकीजवळ तो काळा चौकोन. जाळून टाकलेली जागा म्हणून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं. जूनमध्ये बाकीच्या बायकांनी, वाया जाऊ नयेत म्हणून, ट्रकमधले उरलेसुरले तुकडे तिथं लावून टाकले होते. मी सप्टेंबरात तिकडे गेले तर पाय ठेवायला भीती वाटावी असं गवत. दाट, मऊ, गालिच्यासारखं, आणि त्यात शोधूनसुद्धा तणाची एक काडी नाही. एकच गवत, एकाच ट्रकनं आलेलं, एका बाजूला पुण्याचं शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला पासलीचा राब. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. मला आनंद झाला नाही.

त्या वाफ्यातून चौकोन चौकोन कापून आम्ही सहाही ग्रीनला ठिगळं लावली. तीन महिन्यांत ठिगळं एकमेकांना मिळाली. डिसेंबरात उद्घाटन झालं. मंत्रीमहोदयांनी पहिला चेंडू मारला. काठी चेंडूला लागली नाही, तरी टाळ्या झाल्या. मग सल्लागारांनी पडद्यावर तोच काळा चौकोन दाखवला आणि सांगितलं की रोपवाटिकेसाठी आम्ही माती तापवून तण नष्ट करण्याची एक पर्यावरणपूरक पद्धत इथं यशस्वीपणे वापरली. पद्धतीला त्यांनी एक लांबलचक नावही दिलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

नानासाहेबांना नवी ग्रीन आवडली नाहीत. "रेतीवर चेंडू माझं ऐकायचा," ते म्हणाले. आता रोज हरतात, असं त्यांनी मला खासगीत सांगितलं. एकट्यानं खेळून हरणं ही अवघड गोष्ट, पण ते प्रामाणिकपणे करतात. माझ्यापेक्षा बरे.

दोन वर्षांनी मी निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, आणि मुख्याधिकाऱ्यांचं भाषण. 'निष्कलंक सेवा' हा शब्द त्यांनी तीन वेळा वापरला. तिसऱ्या वेळी मला शालीत घाम फुटला.

त्यानंतर मी पासलीला जायचं ठरवलं आणि प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढून टाळलं. शेवटी गेल्या वर्षी भातलावणी उरकल्यावर गेले. हौसाबाई पडवीत बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. मला बघून उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा हो, बसा." हे 'बसा' मला चौकशीच्या दिवशी सुचलं असतं तर बरं झालं असतं.

"म्याडम, तुमी हितं? येवढ्या लांब?" त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला. मैदानाची चौकशी केली, बायकांची केली, नानासाहेब आहेत का ते विचारलं. राबाच्या गवतावर मंत्र्याचा कार्यक्रम झाला हे त्यांना कळलं होतं. "व्हय, आमच्या बायांनी सांगितलं," त्या हसत म्हणाल्या. "लई भारी नाव दिलंय म्हनं त्येला."

मग मी तो विषय काढला. म्हटलं, "हौसाबाई, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं. मला सगळं आठवत होतं आणि तरी मी गप्प बसले. अहवालही मीच लिहिला. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली. मी नगरपालिकेत जाऊन आता खरं लिहून देते."

"आता लिवून काय करायचं? माझी साठी कवाच उलाटली. आता कोन घेतंय कायम?" हे त्या अगदी सहज म्हणाल्या. मग तेलाची वाटी बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "पर येक सांगा. तवा तुमी खरं बोलला असता, तर तुमास्नी काय केलं असतं त्येंनी?"

मी खरं ते सांगितलं. "मेमो दिला असता."

"मेमो मंजी?"

"एक कागद. तुमच्याकडून चूक झाली, असं लिहिलेला."

"आन मग?"

"मग काही नाही. तो फाइलला लावतात."

हौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"निस्ता कागूद?" त्या म्हणाल्या. "म्या समजत व्हते, तुमची नोकरीच जाईल. म्हून तर म्या तुमचं नाव घेतलं न्हाई."